डॉक्टर भाऊ दाजी लाड

आमच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. प्राचीन काळी तगर ह्या नावाने हे गाव व्यापाराचे मोठे ठाणे होते. तेथील पांढरीच्या मातीत सातवाहनांच्या काळच्या मातीच्या बाहुल्या सापडल्या असून त्या गावच्या वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. आज आम्ही ज्या थोर पुरुषाचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो, त्याच्या घराण्याचा पोटाचा धंदाही मातीच्या बाहुल्या विकण्याचाच होता. अशा सामान्य घरी जन्मास येऊन जो पुढे मुंबई शहराचा नामांकित वैद्य, संस्कृत विद्येचा जाणता आणि लोकांचा पुढारी झाला, तो पुरुष म्हणजे डॉक्टर भाऊ दाजी लाड होय. त्यांच्या आयुष्यात अनुकरणीय असे पुष्कळ आहे, आणि विचार करावयास लावील असेही एक आहे. चरित्रकाराने पहिले सांगावे आणि दुसरे झाकावे, हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. गोव्यातील मांद्रे हे त्यांचे जन्मगाव, आणि जन्माचे साल १८२२ असे सामान्यतः मानतात. लहानपणी ते बुद्धिबळे फार चांगली खेळत. मुलाची ही हुशारी एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस पडली व त्याने भाऊंच्या वडिलांस, मुलाला इंग्रजी शिकवा, अशी भीड घातली. एवढ्याशा गोष्टीने भाऊंच्या आयुष्याची दिशा पालटली. कुटुंब मुंबईस आले आणि भाऊ एल्फिन्स्टन विद्यालयात शिकू लागले. बक्षिसे व शिष्यवृत्त्या मिळवून त्यांनी आपल्या शिक्षणाचा भार वडिलांवर पडू दिला नाही.  काठेवाड व कच्छ प्रांतांत नुकत्या जन्मलेल्या मुलींचा जीव घेण्याची जी दुष्ट चाल त्या काळी होती, तिजवर निबंध लिहून त्यांनी बक्षीस मिळविले, आणि ज्या विद्यालयात ते शिकले तेथेच शिक्षक झाले.

शिक्षकाची नोकरी तेव्हा मानाची होती. पण भाऊंचे मन तिच्यात स्थिरावले नाही. १८४५ साली मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि भाऊ पुन्हा विद्यार्थी बनून त्यात दाखल झाले. हे करावयास त्या काळी केवढे धैर्य लागे, ह्याची कल्पना आज येणे कठीण आहे. प्रेतास हात लावणे हाच विटाळ, मग ते चिरून पाहणे दूरच! अशा समजुतीच्या समाजातील तरुणांनी हाती शस्त्र घेऊन मनुष्यदेहाची रचना प्रत्यक्ष पाहिली. ह्या कॉलेजातून जी पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली तीत भाऊ होते; प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉक्टर आत्माराम पांडुरंग हेही त्याच तुकडीतले. १८५१ साली भाऊंनी मुंबईत आपला व्यवसाय मांडला. नारायण दाजी हेही पुढे डॉक्टर झाले, आणि दोघा बंधूंनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. भाऊंच्या हाताला गुण आहे, अशी ख्याती होऊन श्रीमंतांपासून रंकांपर्यंत सर्वांची रीघ त्यांच्या दाराशी लागली.

त्यांनी अनेक रोगांवर उपचार केले. तथापि ज्या एका रोगाचा त्यांनी ध्यास घेतला तो मनुष्याच्या त्वचेवर प्रकट होणारा, आणि लोकांत सर्वांत अधिक धास्तीचा, असा कुष्ठरोग होय. ह्या रोगाचे स्वरूप कळण्यास आधी त्वचा म्हणजे काय हे कळले पाहिजे. म्हणून भाऊंची गोष्ट क्षणभर थांबवून आम्ही तिकडे वळतो.

पुष्कळ विद्यार्थ्यांची अशी समजूत असते की, हृदय, यकृत, फुप्फुसे ही काय ती इंद्रिये. कातडी ही केवळ त्यांवर घातलेली खोळ. ही समजूत चुकीची आहे. त्वचा हे स्वतःच एक इंद्रिय असून विस्ताराने ते शरीरातील सर्वांत मोठ्या इंद्रियांपैकी एक आहे. प्रौढ मनुष्याची त्वचा पसरून ठेवता आली, तर ती सुमारे दीड ते दोन चौरस मीटर जागा व्यापील. तिचे मुख्य थर दोन. वरचा तो बाह्यत्वचा आणि खालचा तो अंतस्त्वचा. त्यांच्याही खाली चरबीचा एक मऊ थर असतो.

बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या तळाशी नव्या पेशी सतत जन्म घेतात, हळूहळू वर सरकतात, सरकताना चपट्या व कठीण होत जातात आणि अखेर मृत होऊन पृष्ठभागावर येतात. अंग चोळून स्नान करताना जो मळ निघतो, त्यात ह्याच मृत पेशी पुष्कळ असतात. तळातील पेशीला वर येऊन झडून जाण्यास साधारण चार आठवडे लागतात. म्हणजे एक महिन्यापूर्वी आमच्या अंगावर जे बाह्य आवरण होते, ते आज राहिलेले नाही. पापणीवर ही बाह्यत्वचा अगदी पातळ, तर टाचेवर जाड असते. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याची टाच पाहिली म्हणजे घर्षण पडेल तेथे त्वचा आपला थर कसा वाढविते, हे ध्यानात येते. ह्याच बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य करणाऱ्या पेशी असतात. हे द्रव्य उन्हाच्या घातक किरणांपासून शरीराचे रक्षण करिते. गोऱ्या मनुष्यात व काळ्या मनुष्यात ह्या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो त्या किती व कोणत्या जातीचे रंगद्रव्य बनवितात एवढ्याचाच. ज्या रंगावरून मनुष्याने मनुष्यास हीन लेखिले, त्याचे मूळ इतके उथळ आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

अंतस्त्वचा ही चिवट व लवचीक तंतूंची विणलेली असून तिच्यात रक्तवाहिन्या, केसांची मुळे, तैलग्रंथी, घर्मग्रंथी व मज्जातंतूंची टोके असतात. घर्मग्रंथींची संख्या वीस ते चाळीस लाखांच्या घरात आहे. त्यांचे कार्य समजण्यास आमच्या प्रांतातील उन्हाळ्याइतका चांगला गुरू नाही. वैशाखात घरोघरी मातीचा माठ मांडलेला असतो. माठाच्या छिद्रांतून पाणी पाझरते, वाऱ्याने उडून जाते आणि उडताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार राहते. आमची त्वचा हाही असाच एक माठ आहे. बाहेर वणवा पेटल्यासारखे ऊन असले तरी घाम गाळून ती आतील उष्णता सुमारे सदतीस अंश सेल्सिअसवर राखते. थंडीत ह्याच्या उलट, ती आपल्या रक्तवाहिन्या आवळून घेते व आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. शिवाय सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ती ड जीवनसत्त्वही तयार करिते, ज्यावाचून हाडे बळकट होत नाहीत.

परंतु त्वचेचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे स्पर्शज्ञान. कुंभार चाकावर मडके उभे करितो, तेव्हा त्याचे डोळे जितके काम करितात त्याहून त्याची बोटे अधिक करितात. भिंत कोठे जाड राहिली, कोठे पातळ झाली, हे त्याच्या बोटांच्या टोकांस कळते. ऊन, गार, टोचणे, दाबणे ह्या प्रत्येकाची बातमी देणारी मज्जातंतूंची टोके त्वचेत पसरलेली आहेत. निखाऱ्यावर बोट पडताच हात मागे येतो, तो ह्या हेरांमुळे. वेदना ही आपणांस शत्रू वाटते. वस्तुतः तिच्याइतका जागरूक पहारेकरी दुसरा नाही.

कुष्ठरोग ह्या पहारेकऱ्यालाच ठार करितो. ह्या रोगाचा सूक्ष्म जंतू शरीराच्या थंड भागांत, म्हणजे त्वचा, नाक, कानांच्या पाळ्या, हात आणि पाय ह्यांत रमतो व तेथील मज्जातंतूंवर हल्ला करितो. त्याची वाढ फारच मंद. एकाचे दोन व्हावयास त्यास जवळजवळ दोन आठवडे लागतात. म्हणून शरीरात शिरल्यापासून रोग दिसू लागेपर्यंत अनेक वर्षे जातात. प्रथम अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा उठतो. तो खाजत नाही, दुखत नाही. उलट तेथील संवेदना कमी झालेली असते. हेच त्याचे कपट. पुढे हातापायांना बधिरता येते. तव्याचा चटका बसला तरी कळत नाही, पायात काटा मोडला तरी मनुष्य तसाच चालत राहतो, आणि जखमा चिघळून बोटे झिजतात. बोटे रोगानेच गळून पडतात, असा जो लोकसमज होता तो खरा नव्हे. न कळलेल्या जखमा त्यांचा नाश करितात, हे वेल्लोर येथील शल्यवैद्य डॉक्टर पॉल ब्रँड ह्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले.

भाऊ दाजींच्या काळी ह्यांपैकी पुष्कळसे कोणास ठाऊक नव्हते. रोग आनुवंशिक आहे म्हणणारे होते, पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणणारे तर घरोघर होते. महारोग ह्या नुसत्या नावाने माणसे दचकत. ज्याच्या अंगी तो दिसला, त्यास घरची माणसे वेगळे काढीत, गाव वेशीबाहेर घालवी. रोगाने त्याचे स्पर्शज्ञान हिरावून घ्यावे, आणि समाजाने त्यास आपला स्पर्श नाकारावा, असे दुहेरी संकट त्याच्यावर कोसळे. अशा रोग्यांस भाऊंनी जवळ केले. ज्याची कीर्ती व कमाई शिखरास पोहोचली होती, ज्यास सुखाने श्रीमंतांच्या नाड्या पाहत बसता आले असते, त्या वैद्याने ह्या टाकलेल्या माणसांच्या चट्ट्यांवर बोटे ठेवून त्यांचा रोग तपासला, हेच आम्हांस त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठे कृत्य वाटते.

औषधाच्या शोधात ते प्राचीन ग्रंथांकडे वळले. संस्कृतावर त्यांचे प्रभुत्व होते. सुश्रुतसंहितेत त्वचेचे सात थर नावानिशी वर्णिले असून प्रत्येकाची जाडी तांदुळाच्या दाण्याच्या मापाने दिली आहे. त्याच ग्रंथात कुष्ठावर तुवरक नावाच्या वृक्षाच्या बियांचे तेल सांगितले असून हा वृक्ष पश्चिम समुद्राच्या किनारी होतो, असे म्हटले आहे. कोकण व मलबारच्या रानांत वाढणारे कडूकवठ हाच तो तुवरक, असे वनस्पतीशास्त्रज्ञ मानतात. जुन्या ग्रंथांत लिहिले म्हणून डोळे मिटून मानावयाचे, ही भाऊंची रीत नव्हती. आणि जुने म्हणून हसून टाकावयाचे, हीही नव्हती. जुन्या औषधांची त्यांनी रोग्यांवर परीक्षा पाहिली. त्यांच्या कुष्ठावरील औषधाने रोग्यांस उतार पडतो, अशी वार्ता पसरली व दूरदूरचे रोगी मुंबईस येऊ लागले.

आता ती विचार करावयास लावणारी गोष्ट. हे औषध कोणते, हे भाऊंनी जाहीर केले नाही. अन्य डॉक्टरांनी त्याविषयी टीका केली. ज्या औषधाचे घटक ठाऊक नाहीत त्याचा गुण इतरांनी पडताळावा कसा, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो गैर नव्हता. भाऊंच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. पुरता अनुभव येण्याआधी औषध बाहेर फुटले, तर भोंदू लोक त्याचा बाजार मांडतील व चुकीने दिलेल्या औषधाचा दोष औषधास लागेल, ही भीती कोणाही सावध वैद्यास वाटावी अशीच आहे. त्यांच्या मनातील हेतू आम्ही ठरवू शकत नाही. परिणाम मात्र सर्वांस दिसला. १८७४ च्या मे महिन्यात भाऊ मरण पावले आणि त्यांचे निष्कर्ष जगापुढे व्यवस्थित मांडले जावयाचे राहून गेले. ते औषध मुख्यतः कडूकवठाचे तेल होते, हे त्यांच्या मागून ग्रंथांत नमूद झाले. पण किती रोग्यांस दिले, किती मात्रेने, किती काळ, कोणास गुण आला, कोणास आला नाही, हे तपशील ज्याच्यापाशी होते तोच उरला नव्हता.

त्याच सुमारास इतरत्र काय चालले होते, ते पाहावे. नॉर्वे देशात कुष्ठरोग्यांची गावोगाव नोंद ठेवीत व तेथील वैद्य आपले शोध छापून प्रसिद्ध करीत. १८७३ साली हान्सेन नावाच्या डॉक्टरास तेथे ह्या रोगाचा जंतू दिसला व पुढल्या वर्षी त्याने आपला लेख प्रसिद्ध केला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकविलेले आणि ग्रे ह्यांच्या सुप्रसिद्ध शरीरशास्त्राच्या पुस्तकातील चित्रे काढणारे डॉक्टर हेन्री कार्टर ह्यांनी नॉर्वेत जाऊन ती व्यवस्था पाहिली व आपला अहवाल १८७४ साली छापला. कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या मिशनची स्थापनाही १८७४ सालचीच. पुढे १९०४ साली ह्या जातीच्या तेलातील गुणकारी आम्ले वेगळी काढण्यात आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच तेलाची टोचणी हाच जगभर मुख्य उपचार होता. त्याने कित्येकांस उतार पडे, रोग मात्र समूळ जात नसे. १९४१ साली अमेरिकेत सल्फोन जातीच्या औषधाचा प्रयोग झाला, तेव्हा खरे पर्व पालटले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली. ह्या उपचाराने रोग्याच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो, आणि तो सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतो. ह्यातील प्रत्येक पायरी मागल्याने उघड केलेल्या ज्ञानावर पुढल्याने चढविलेली आहे. भाऊंची पायरी त्या जिन्यात बसली असती, तर हिंदी वैद्यकाचे नाव फार आधी उज्ज्वल झाले असते, आणि कदाचित कित्येक रोग्यांची वर्षे वाचली असती.

ह्या एका उणिवेमुळे भाऊंची थोरवी उणी होत नाही. त्यांच्या इतर कार्याचा नुसता पाढा वाचावयाचा तरी पाने लागतील. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनमध्ये त्यांनी पुढाकार घेऊन लोकांची गाऱ्हाणी सरकारापुढे मांडली. मुलींच्या शिक्षणाचे ते कैवारी होते. त्यांच्या नावाने मुलींची एक शाळा निघाली. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंत त्यांची गणना होती. १८६९ व १८७१ अशी दोन वर्षे ते मुंबईचे शेरीफ होते. आमच्या मराठवाड्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत खोदलेले शिलालेख त्यांनी वाचून प्रसिद्ध केले. आर्यभट, वराहमिहिर, भास्कराचार्य ह्या ज्योतिषांचे काल ठरविण्याचे त्यांचे परिश्रम युरोपातील पंडितांसही मान्य झाले. दुर्मिळ हस्तलिखिते त्यांनी स्वतःचा पैसा ओतून जमविली. भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९७५ साली त्या संग्रहालयास त्यांचेच नाव देण्यात आले. ज्या पुरुषाने हजार वर्षांपूर्वीची झाकलेली अक्षरे उजेडात आणली, त्याच्याच हातून स्वतःची एक गोष्ट झाकलेली राहावी, हा योग मनास चटका लावतो.

विद्यार्थी मित्रहो, ह्या चरित्रापासून आपण दोन गोष्टी घेऊ. बाहुल्या विकणाऱ्याचा मुलगा विद्येच्या बळावर कोठवर जातो, ही एक. ज्यास हात लावावयास कोणी धजत नाही त्यास जो हात लावितो तोच खरा विद्वान, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. आणि दुसरी गोष्ट अशी की, जे झाकून ठेवावे ते वाढते किंवा वाया जाते. रोग झाकला तर वाढतो; ज्ञान झाकले तर वाया जाते. जगात आजही दरवर्षी जे नवे कुष्ठरोगी आढळतात त्यांपैकी अर्ध्याहून अधिक आपल्या देशातले असतात, आणि पुष्कळांचा रोग उशिरा उघडकीस येतो तो लाजेपायी. वस्तुतः शंभरांतील सुमारे पंचाण्णव लोकांच्या शरीरात ह्या रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ती उपजतच असते. आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग्यापासून इतरांस बाधा होण्याचे थांबते. तेव्हा स्वतःच्या अथवा घरच्या कोणाच्या अंगावर न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा दिसला, तर तो सदऱ्याखाली लपवू नका. दवाखान्यात जाऊन दाखवा. शेजाऱ्यास तो असला तर त्याच्यापासून दूर न सरता त्याचा हात धरून त्यास तेथवर न्या. भाऊ दाजींचे अर्धे राहिलेले काम एवढ्याने तरी आपल्या हातून थोडे पुढे जाईल.